रविवारी मी बारडोलीला होते

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते. आपल्यावर लिहायची वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. भूत, भानामती, अंगात येणं यातलं मला काहीच पटत नाही. सासरी गप्पा रंगल्या आणि कुणी विहिरीवरच्या बाईची गोष्ट काढली की मी उठून चहा टाकायला जाते. घाबरून नाही, कंटाळून. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण एक रविवार असा आहे, की तो माझ्या डोक्यात कुठंच बसत नाही...

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या अनुभवात मी चांगली बाई नाहीये. वाचून नावं ठेवाल. ठेवा. त्याशिवाय हे सांगताच येणार नाही.

आम्ही सुरतला गोडादऱ्यात राहतो. माझे वडील शिरपूरकडून लूमवर कामाला आले, मी इथंच वाढले, इथंच लग्न झालं. मिस्टर एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत, एक मुलगी आहे — परी, तेव्हा आठ वर्षांची होती. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते.

मी ज्या स्टुडिओत काम करते तो रिंगरोडच्या एका मार्केटमध्ये सहाव्या मजल्यावर आहे. साड्यांचे व्हिडिओ बनवतो आम्ही. पूर्वी प्रत्येक साडी मॉडेलला नेसवून शूट करायला लागायची. आता मॉडेलला एकदाच पांढरी कोरी साडी नेसवतात — चालताना, वळताना, पदर उडवताना — आणि नंतर आम्ही कॉम्प्युटरवर त्या कोऱ्या साडीवर एकामागून एक प्रिंट चढवतो. बाई तीच, चाल तीच, साड्या पन्नास.

हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतात त्यात स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन असतात, त्यांना नोड म्हणतात. एका नोडमध्ये शूटिंग, एकात साडीचा कापलेला आकार, एकात प्रिंट, एकात निऱ्यांची सावली. एका नोडमधून वायर काढायची, दुसऱ्याला जोडायची. वायर जशी जाते तसं चित्र बनत जातं. नवीन डिझाइन आलं की अख्खा गठ्ठा डुप्लिकेट करायचा आणि फक्त प्रिंटचा नोड बदलायचा. ऐकायला सोपं आहे. पण चाळीस डिझाइन झाली की स्क्रीनवर वायरींचं जंगल होतं, आणि कुठली वायर कुठून आली हे ज्याने जोडली त्यालाच कळतं.

मी हे क्लास लावून शिकलेले नाही. बारा वर्षं कॉम्प्युटरवर साडीच्या डिझाइनचे रंग वेगळे करायचं काम केलं, मग हे नवीन आलं तेव्हा बघून बघून शिकले. माझी मांडणीची पद्धत माझीच आहे. नोड वरून खाली, सरळ रेषेत, जपमाळेसारखे. सावलीच्या नोडला पिवळा रंग. आणि काम सुरू करताना पहिल्या नोडची एक कॉपी करून ती डाव्या कोपऱ्यात, कुठेही न जोडता, तशीच ठेवून द्यायची. तिला नाव द्यायचं ‘राहू दे’. तिचा उपयोग काही नाही. एकदा सगळं काम उडालं होतं तेव्हापासून लागलेली सवय आहे, एवढंच. ऑफिसातले हसतात.

मयूरी माझ्या मामाची मुलगी. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बी.कॉम. झाली, गावात करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मीच मामाला म्हटलं, पाठव माझ्याकडे. मामा सोडायला आला होता. जाताना मला म्हणाला, “पोरले सांभाळजो. आते तठे तूच तिनी माय शे.” — तिथं आता तूच तिची आई. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काळजीच करू नको.

मीच शेठशी बोलून तिला कामाला लावलं. जिग्नेशभाई म्हणतात त्यांना, माणूस वाईट नाही, पण ज्याचं काम चांगलं त्याचंच नाव त्यांच्या तोंडात. पहिले सहा महिने मयूरी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायची. नोड कसा आणायचा, वायर कशी तोडायची, डुप्लिकेट करताना काय सांभाळायचं, सगळं मी शिकवलं. फार आवडायचं मला ते. ती “ताई, हे असं का?” विचारायची आणि मी सांगायचे. बारा वर्षांत मला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

मग ती पुढं गेली.

एका दिवसात नाही, पण मला आठवतो तो दिवस एकच आहे. एका शूटमध्ये पदर हातावरून जाताना प्रिंट तरंगल्यासारखी दिसत होती. मी तीन दिवस त्यात अडकले होते. मयूरी मागून बघत होती. म्हणाली, “ताई, मी एक बघू?” तिने माझे नोड जागचे हलवले. प्रत्येक डिझाइनमध्ये मी सावलीचा नोड वेगळा कॉपी केला होता — तिने ते सगळे काढून एकच ठेवला आणि त्याची वायर सगळ्यांना दिली. म्हणजे बदल एकदा केला की सगळ्या डिझाइनमध्ये होणार. तरंगणं पूर्ण गेलं नाही, पण कमी झालं. तासाभराचं काम. जिग्नेशभाई मागे येऊन उभे होते ते मला कळलंही नाही. ते म्हणाले, “ज्योतीबेन, आनी पासेथी शीखो जरा.” — हिच्याकडून शिका जरा.

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर मागे ती बसली होती आणि मी रस्ताभर एक शब्द बोलले नाही.

त्यानंतर जे झालं ते लिहायला लाज वाटते. घरी परीला वेणी मयूमावशीकडूनच घालून हवी असायची. मिस्टर एकदा सहज म्हणाले की मयूरीच्या हातची शेवभाजी त्यांच्या आईसारखी होते. साधं वाक्य. मी ते आठवडाभर चघळलं. तिचा डबा भरणं मी बंद केलं. म्हटलं, तुझी तू भरत जा, मला उशीर होतो. सकाळी तिच्याआधी दहा मिनिटं निघायला लागले, म्हणजे तिला रिक्षाने यावं लागेल. ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट ती ऑफिसात आली की माझ्या टेबलावर येऊन विचारायची, “ताई, चहा मागवू?” आणि मला वाटायचं, बघा कशी सगळ्यांसमोर चांगली बनते.

तिच्या स्क्रीनकडे बघायची सवयच लागली मला. तिचे नोड माझ्यासारखे सरळ नसायचे. पसरलेले, फांद्यांसारखे, कुठे मध्येच वळलेले. बघायला अव्यवस्थित, पण चालायचे. माझे सरळ असून अडायचे.

मग मोठं काम आलं. बाहेरगावची एक मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, होती, बेचाळीस डिझाइन, सोमवारी सकाळी डेमो. पसंत पडलं तर वर्षभराचं काम आपल्याकडे, आणि जो हे करेल तोच पुढे या टीमचा मुख्य. जिग्नेशभाईंनी शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं — मयूरी करेल, ज्योतीबेन तिला मदत करतील.

मदत.

शनिवारी चारच्या सुमारास मयूरी खालच्या मजल्यावर शूटिंगच्या खोलीत गेली होती, बाकीचे चहाला. मी तिच्या खुर्चीत बसले. काय करायचं ते ठरवून बसले होते असं नाही... खोटं कशाला बोलू, ठरवलंच होतं. सकाळपासून डोक्यात तेच होतं.

मी तिच्या सावलीच्या नोडच्या तीन कॉपी केल्या आणि त्या मूळ नोडवर बरोबर एकावर एक ठेवल्या. बघणाऱ्याला एकच चौकोन दिसतो. खालच्यांमधले आकडे बदलले. काही डिझाइनच्या वायरी वरच्या नोडला ठेवल्या, काहींच्या खालच्यांना दिल्या. मग साडीच्या आकाराच्या वायरी इकडच्या तिकडे — सातव्या डिझाइनची एकोणिसाव्याला, असं. सेव्ह केलं. तिने आदल्या दिवशीची एक कॉपी ठेवली होती, तिच्यावरही हेच सेव्ह केलं. वीस मिनिटं लागली. बोटं थरथरली वगैरे काही नाही. उलट इतक्या सफाईने मी कित्येक महिन्यांत काम केलं नव्हतं.

रविवारी स्टुडिओ बंद असतो. मयूरीने शेवटचा हात फिरवायला चावी मागून घेतली होती, हे मला माहीत होतं. आम्ही तिघं त्या दिवशी बारडोलीला गेलो. माझ्या धाकट्या नणंदेचं डोहाळजेवण होतं. तिचे मिस्टर तिकडच्या साखर कारखान्यात आहेत. मिस्टरांच्या मित्राची गाडी घेऊन आम्ही सकाळी नऊला निघालो, संध्याकाळी सातला परत. दिवसभर मी तिथं होते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पंधरा-वीस बायकांनी मला तिथं पाहिलंय, मी वाढलंय, मी ओटी भरलीय, फोटो आहेत.

दिवसभर माझं लक्ष फोनकडे होतं. फाइल उघडल्यावर ती मलाच फोन करणार, रडणार, आणि मी म्हणणार, अगं अरेरे, आता काय करायचं... हे मी मनात दहा वेळा बोलून बघितलं होतं. फोन आला नाही.

तीनच्या सुमारास एक छोटीशी गोष्ट झाली. तेव्हा मी तिकडे लक्षच दिलं नाही. मी ओटीचं ताट घेऊन नणंदेसमोर उभी होते. ती म्हणाली, “वहिनी, कुठं हरवली तू? तीनदा हाक मारली.” मला वाटत होतं मी आत्ताच उभी राहिलेय. बायका हसल्या. नंतर तिने सांगितलं की मी बराच वेळ नारळ हातात धरून तशीच उभी होते आणि गालात हसत होते. दमले असेन, असं मीच म्हटलं.

घरी आलो तर मयूरीने खिचडी करून ठेवली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा एकदम मोकळा. मिस्टर आणि परी आत गेले तशी ती माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. कितीतरी महिन्यांत ती माझ्या इतकी जवळ आली नव्हती.

“ताई, आज तू आली नसती तर मी सगळं सोडून गावाला निघून गेले असते.”

मला वाटलं, टोमणा आहे. हिला कळलंय आणि ही मला सोलून काढतेय. पण ती बोलतच होती, अगदी साधेपणाने. की तिला वाटलं नव्हतं मी कार्यक्रम सोडून येईन. की मी शेजारी बसल्यावर तिचं रडं थांबलं. की मी पाचला उठून गेले तेव्हा तिला वाटलं एकत्रच रिक्षाने जाऊ, पण ती कॉम्प्युटर बंद करेपर्यंत मी दिसलेच नाही.

मी विचारलं, “मी किती वाजता आले होते गं?” आवाज नेहमीचा ठेवला.

“तीनला. का?”

“काही नाही,” मी म्हटलं, “घड्याळ बघायचंच राहिलं.”

मी तेव्हाच ‘मी आले नव्हते’ असं का म्हटलं नाही? खूप विचार केलाय यावर. आधी वाटत होतं ती नाटक करतेय, आपण फसायचं नाही. पण खरं कारण वेगळं आहे. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते मला हवं होतं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचले आणि तिची फाइल उघडली.

एकावर एक ठेवलेले नोड सुटे करून शेजारी शेजारी ठेवलेले होते. फालतूचे तीन काढून बाजूला. सातव्याची वायर सातव्याला, एकोणिसाव्याची एकोणिसाव्याला. पण हे मयूरीही करू शकली असती, दिवसभर बसली असती तर. मी थांबले ते मांडणी बघून. तिच्या फांद्या नव्हत्या. बेचाळीसच्या बेचाळीस डिझाइनचे नोड वरून खाली, सरळ रेषेत. सावली पिवळी. आणि डाव्या कोपऱ्यात, कुठेही न जोडलेला, एकटा नोड — ‘राहू दे’.

आणि त्या पदराचं तरंगणं... ते पूर्ण गेलं होतं. सावली आणि प्रिंटच्या मध्ये एक छोटा नोड होता, मी कधी विचारही केला नव्हता अशा जागी. हातावरून पदर जाताना प्रिंट कापडाला चिकटून वळत होती. मी तो तुकडा पंधरा-वीस वेळा बघितला असेल.

डेमो झाला. पार्टीने काम दिलं. जिग्नेशभाईंनी मयूरीचं नाव घेतलं तशी ती उभी राहून म्हणाली, “सर, हे ताईने केलंय. सुट्टीच्या दिवशी येऊन. माझी फाइल बिघडली होती.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर मी ज्याच्यासाठी तडफडत होते ते मला त्या क्षणी मिळालं. आणि मला फक्त एवढंच कळत होतं, की या टाळ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आहेत.

दुपारी मी खाली वॉचमनकडे गेले. यूपीचे म्हातारे काका आहेत, मार्केट बंद असलं तरी ते असतात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काल कोण कोण आलं होतं. ते म्हणाले, “आप ही तो आई थीं, दीदी. लिफ्ट बंद थी, सीढ़ी से गईं।” रजिस्टर बघितलं तर त्यात फक्त मयूरीची सही. मी म्हटलं, माझी एंट्री नाही. ते म्हणाले, तुमची काय एंट्री करायची, रोजचं माणूस. मग म्हणाले, “अच्छा लगा दीदी, आपने बिटिया का पूछा। उसका बुखार उतर गया है।”

मी त्या माणसाशी सहा वर्षांत लिफ्ट चालू आहे का, याशिवाय काही बोललेले नाही. त्याला मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं.

सहाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये कॅमेरा आहे. त्याचं रेकॉर्डिंग मी मागितलं नाही. तुम्ही म्हणाल, तेच तर पहिलं बघायला हवं होतं. पण मागितलं असतं तर शेठनी विचारलं असतं कशाला, आणि रविवार बघताना कुणी शनिवारही बघितला असता, सगळे बाहेर आणि मी एकटीच आत, तर? थोड्या दिवसांनी त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलं. विषय संपला.

एवढ्याने कुणालाही भीती वाटली असती. मला वाटली नाही असं नाही, सुरुवातीचे काही दिवस मी आरशासमोर फार वेळ थांबत नव्हते. पण भीती ओसरली आणि खाली जे उरलं ते जुनंच होतं. फक्त आता मला मयूरीचा हेवा वाटत नव्हता. मला तिचा वाटत होता. त्या रविवारी येऊन गेलेलीचा.

कारण मयूरी सारखं म्हणायची, “त्या दिवशी तू म्हणालीस ना ताई...” आणि मी हो म्हणायचे. काय म्हटलं होतं ते मला माहीत नसायचं. मग मी आडून आडून काढून घ्यायला लागले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना विचारायचे, मी नक्की कसं म्हटलं होतं गं, मला आठवत नाही. ती थोडं थोडं सांगायची. की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. की मी म्हटलं, तुझी मांडणी वेडीवाकडी असली तरी तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. की मी तिची माफी मागितली, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही.

एकदा ती म्हणाली, “आणि ते तुझं एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातलं. तू मला सांगितलंस म्हणून मला धीर आला.”

मी विचारलं, कुठलं?

मी सतरा वर्षांची असताना एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात लागले होते. पहिल्याच आठवड्यात धाग्याचा नंबर चुकला आणि अख्खा लॉट खराब झाला. मालकाने सगळ्यांसमोर माझ्या अंगावर ते कापड फेकलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले आणि घरी येऊन सांगितलं की काम आवडलं नाही म्हणून सोडलं. हे मी आईला सांगितलं नाही. मिस्टरांना सांगितलं नाही. मेले तरी कुणाला सांगितलं नसतं.

आणि हिने ते मयूरीला देऊन टाकलं. असंच, पहिल्याच भेटीत. माझी गोष्ट होती ती. त्या दिवशी मी जेवले नाही.

कामाचंही तसंच. त्या रविवारी तिने जो छोटा नोड घातला होता, तो मी आजही वापरते. तिचा नोड डुप्लिकेट केला की चालतो, कुठल्याही फाइलमध्ये, कितीही वेळा. पण तोच नोड मी हाताने नवा बनवला — तेच आकडे, तीच जागा, त्याच वायरी — की पदर तरंगतो. तो नोड उघडून मी आकडे एक-एक करून जुळवले आहेत. मयूरीने जुळवले आहेत. शेठनी बाहेरून एकाला बोलावलं होतं, तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. मग बघितलं आणि स्वतःच आकडे जुळवत बसला. आमच्या ऑफिसात कुणी त्याची कॉपी मागायला आलं की ‘ज्योतीबेनचा नोड’ म्हणून मागतात. मी देते.

दहा महिन्यांनी मयूरीला पुण्याला चांगली नोकरी लागली. आधी गावाला जाऊन मग पुढे जाणार होती. मी तिला उधना स्टेशनवर सोडायला गेले. दुपारची वेळ होती, नंदुरबारकडची गाडी लेट होती. बाकावर बसलो होतो. तिने डब्यातली एक पोळी माझ्यासाठी काढली, आणि मला एकदम सहन होईना.

मी म्हटलं, “मयू, तुझी ती फाइल मीच बिघडवली होती.”

तिने पोळी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, “माहितीये, ताई.”

तिला रविवारी फाइल उघडल्यावर पाच मिनिटांतच कळलं होतं. एकावर एक नोड राहून जातात, म्हणून एकदा ओढून बघायचं, हे मीच तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. ऑफिसात दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, “मी दोन तास रडत होते. फाइलसाठी नाही. फाइल काय, केली असती परत. बॅग भरायची ठरवलं होतं. मग तू आलीस.”

“मी नाही आले,” मी म्हटलं. “मी बारडोलीला होते.”

ती हसायला लागली. मी फोन काढला आणि नणंदेने पाठवलेला फोटो दाखवला. ओटीचं ताट घेऊन मी उभी आहे, मागे भिंतीवर घड्याळ आहे, त्यात सव्वातीन वाजलेत. मयूरीने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. माझा चेहरा बघितला, घड्याळ बघितलं, परत माझा चेहरा. बराच वेळ. मला वाटलं ती विचारेल, मग ती कोण होती? ती घाबरेल. काहीतरी होईल.

तिने फोन माझ्या मांडीवर उलटा ठेवला.

“असं नको सांगू, ताई,” ती म्हणाली. “तू आली नव्हती असं धरलं, तर माझ्याकडे फक्त शनिवारची ताई उरते. तिला घेऊन मी काय करू?”

गाडी आली. सामान चढवलं. चढायच्या आधी तिने वाकून नमस्कार केला, आणि मी आशीर्वाद दिला, पण तो नमस्कार कुणाला होता ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

मिस्टरांना मी नंतर सगळं सांगितलं, शनिवारसकट. ते म्हणाले, रडून रडून तिचा डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल, झोपेतच काम केलं असेल. मग वॉचमन? तो म्हातारा आहे, दिवस चुकला असेल. मग एम्ब्रॉयडरीचं? यावर ते म्हणाले, “तू मला कधी सांगितलं नाहीस ते.” एका मैत्रिणीचं म्हणणं की माझं मन मला खात होतं, म्हणून माझाच काही भाग उठून तिकडे गेला. ऐकायला छान वाटतं. पण माझं मन मला खात नव्हतं हो. मी त्या दिवशी खूश होते. फोनची वाट बघत होते.

मला उपाय, तोडगे काही नको आहेत. कृपया पाठवू नका. मयूरी पुण्यात सुखात आहे. आठवड्यातून एकदा फोन करते, नेहमीसारखी बोलते, त्या विषयावर नाही. गेल्या महिन्यात मात्र बोलता बोलता थांबली आणि हळूच विचारलं, “ताई, परत कधी आली होती का गं ती?”

मी नाही म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ एकच विचार डोक्यात राहिला. ती परत आलीच, तर पुण्यालाच जाईल. माझ्याकडे कशाला येईल?